किंमत कानाला ऐकू येते का?

विल्सन ऑडिओ ही अमेरिकेतली नावाजलेली स्पीकर कंपनी. तिचा ‘क्रोनोसॉनिक एक्सव्हीएक्स’ हा स्पीकर बाजारात आला तेव्हा जोडीची किंमत ३,२९,००० डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे अडीच कोटी रुपये. ॲपल कंपनी मोबाइलला हेडफोन जोडण्यासाठी बोटभर लांबीची एक वायर विकते. ती अमेरिकेत ९ डॉलरला मिळते. त्या वायरीच्या टोकाशी एक चिमुकली चिप असते. गाण्याच्या फाइलमधले आकडे वाचून त्यांची विजेची लहर करायची, हे तिचं काम. ते ती इतकं चोख करते की मोजमापाच्या यंत्रावर दिसणारा तिचा दोष माणसाच्या कानाच्या आवाक्याबाहेरचा ठरतो. दोन्ही वस्तू रेकॉर्ड झालेलं गाणं कानापर्यंत पोचवण्यासाठीच केलेल्या. या दोन टोकांच्या मध्ये घरी गाणं ऐकणाऱ्या माणसाने किती पैसे घालावेत आणि घातलेल्यांपैकी किती त्याला ऐकू येतात, हा वाद पन्नासेक वर्षं चालू आहे.

त्यातल्या बहुतेक बाजू वाचून आणि बऱ्याच सिस्टिम ऐकून माझं एक मत बनलं आहे. जिथे काहीतरी हलतं तिथे पैसा ऐकू येतो. स्पीकरचा शंकू हलतो, तबकडीवरची सुई हलते, मायक्रोफोनचा पडदा हलतो, खोलीतली हवा हलते. जिथे नुसती वीज वाहते तिथला प्रश्न बहुतांशी सुटला आहे, आणि तिथे ओतलेले जादा पैसे कानापर्यंत पोचत नाहीत. महागड्या सिस्टिमच्या बाजारात मात्र सगळ्यात जास्त गूढ याच विजेच्या भागाभोवती उभं केलं जातं.

आधी तोच भाग पाहू. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी सीडी आणली तेव्हा तिचं माप होतं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एवढे नमुने घेतले की सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जसाच्या तसा परत उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध आहे. तरुण, निरोगी कानाची हद्द २०,००० हर्ट्झ धरतात आणि पन्नाशीनंतर ती बरीच खाली येते. तरी पुढे याहून बारीक मापाच्या ‘हाय-रेझोल्यूशन’ फाइली आल्या आणि जास्त पैशांना विकल्या जाऊ लागल्या. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी त्यांची परीक्षा घेऊन २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. तोच आवाज एकदा थेट ऐकवायचा, एकदा मध्ये सीडीच्या मापातून गाळून घ्यायचा, आणि ऐकणाऱ्याने कुठला कोणता ते ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. निव्वळ अंदाजानेही इतकीच उत्तरं बरोबर आली असती. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. साडेबारा हजारांहून जास्त उत्तरांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. खास सराव दिलेल्या श्रोत्यांचं साठ टक्क्यांच्या वर गेलं. तेव्हा फरक अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तो आहे, पण सराव केलेल्या कानालाही जेमतेम सापडेल एवढाच आहे, आणि त्याच्या नावाखाली आकड्यांची लहर करणारी लाखालाखाची यंत्रं, म्हणजे डॅक, विकली जातात.

ॲम्प्लिफायरची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात एक मोठी चाचणी छापली. तिच्यात सव्वादोनशे डॉलरच्या आसपासच्या साध्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत ॲम्प होते. आवाजाची पातळी जुळवून, कुठला ॲम्प चालू आहे हे न सांगता ऐकवल्यावर श्रोत्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. यावर शौकिनांनी जे आक्षेप घेतले, त्यांतले काही रास्त आहेत. ॲम्पची ताकद संपली की आवाज फाटतो, आणि ते कुणालाही ऐकू येतं. काही स्पीकर इतका करंट ओढतात की लहान ॲम्प गुडघे टेकतो. काही व्हॉल्व्हचे ॲम्प स्पीकरच्या रोधाप्रमाणे स्वतःचा नूर बदलतात आणि आवाजाला गोलाई आणतात. ती आवडणं ही रुचीची बाब आहे. पण यांपैकी कुठलीच गोष्ट किमतीच्या पाठोपाठ चालत नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला ताकद दसपट लागते, म्हणून शंभर वॉटचा आणि दीडशे वॉटचा ॲम्प यांत कानाला जाणवणारा फरक थोडासाच असतो. आपल्याकडे एके काळी टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॉटचे आकडे छापलेले असत. स्वस्त मालातही ग्राहकाला आकड्यांनी असंच भुलवलं गेलं आहे.

वायरीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. इलेक्ट्रिशियन पॉवर पॉइंटला टाकतो ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर लागते, तिचा रोध साधारण ०.०७ ओहम. पुढे ८ ओहमचा स्पीकर. आवाजात घट येते ती ०.०७ डेसिबलची, म्हणजे कुठल्याही माणसाला कळणार नाही इतकी. अलौकिक दावे सिद्ध करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ, असं आव्हान देणारे जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ साली ते याच विषयाकडे वळवलं. पेअर कंपनीची सव्वासात हजार डॉलरची बारा फुटी स्पीकर-केबल साध्या चांगल्या केबलपेक्षा वेगळी ओळखून दाखवा, असं त्यांचं म्हणणं होतं. एक नामवंत समीक्षक तयारही झाला. मग केबलच्या कंपनीने माघार घेतली आणि ती चाचणी झालीच नाही.

मग एवढी जाणती, संगीतावर जीव टाकणारी माणसं शपथेवर सांगतात की त्यांना फरक ऐकू येतो, त्याचं काय? ती खोटं बोलत नाहीत. ऐकणं हे एकट्या कानाचं काम नसतं. डोळ्याने पाहिलेलं आणि मनाला ठाऊक असलेलं त्यात आधीच मिसळलेलं असतं. याचा सगळ्यात नेटका पुरावा फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडला. दोघेही तेव्हा हार्मन या मोठ्या ऑडिओ कंपनीत संशोधक होते. त्यांनी कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा आवाज आरपार जाईल अशा पडद्याआडून, एकदा समोर ठेवून. पडदा असताना प्लॅस्टिकच्या लहानशा, स्वस्त संचाने चांगले गुण मिळवले. पडदा काढला आणि त्याचे गुण घसरले. मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरांचे वाढले. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. पडद्याआडून ऐकताना स्पीकर खोलीत दुसऱ्या जागी हलवला की श्रोत्यांचे गुण बदलत, कारण आवाज खरोखरच बदलत होता. स्पीकर डोळ्यांसमोर असताना जागा बदलली तरी गुण जवळपास तेच राहिले. म्हणजे जो फरक खरा होता, तो डोळे उघडल्यावर ऐकू येईनासा झाला.

पडद्याआडच्या चाचण्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: तिथे ताण येतो, घाई असते, खरा फरक घरी निवांत, महिनोन्महिने ऐकल्यावर उमगतो. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्याची तपासणी नकळत एकदा होऊन गेली आहे. मोबाइल फिडेलिटी ही कॅलिफोर्नियातली कंपनी जुन्या गाजलेल्या रेकॉर्डींच्या महागड्या आवृत्त्या काढते. मूळ टेपवरून थेट काढलेल्या, मध्ये डिजिटल टप्पा नसलेल्या, अशी शौकिनांमध्ये त्यांची ख्याती होती. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की २०११ पासून त्यांतल्या अनेक आवृत्त्या आधी डिजिटल करून मग तबकडीवर उतरवल्या जात होत्या. या दहा-अकरा वर्षांत डिजिटलचा वासही सहन न होणाऱ्या मंडळींनी त्या आपल्या घरी, आपल्या खुर्चीत, लाखोंच्या टर्नटेबलवर वाजवल्या होत्या आणि ॲनालॉगचा आदर्श नमुना म्हणून त्यांची तारीफ केली होती. ताण नव्हता, घाई नव्हती. तरी कानाने कुणालाही इशारा दिला नाही; एका रेकॉर्डविक्रेत्याने थेट विचारणा केली तेव्हा बातमी फुटली.

आवाजाची पातळी हा याच भुलीचा धाकटा भाऊ. दोन सिस्टिममध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तर मोठा आवाज ‘मोठा’ म्हणून कळत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. एका मोठ्या शोरूममध्ये मी हे जवळून पाहिलं. महाग ॲम्पची पाळी आली की विक्रेता व्हॉल्यूमच्या खटक्याला अगदी सहज हात लावायचा. पातळी मोजून सारखी करू या का, असं विचारल्यावर संभाषण आवरतं घेतलं गेलं. ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक १९६२ साली सुरू करणारे आणि कानाने ऐकून परीक्षण लिहिण्याची परंपरा घालून देणारे जे. गॉर्डन होल्ट यांनीही उतारवयात हेच दुखणं बोलून दाखवलं होतं. पडद्याआडच्या परीक्षेला नकार देऊन या व्यवसायाने आपली विश्वासार्हता गमावली, असं त्यांचं मत होतं. त्या मासिकाच्या जनकाने असं म्हणावं याला मी फार किंमत देतो.

आता हलणाऱ्या वस्तूंकडे वळतो. पैशाला इथे खरं काम आहे. चांगल्या ॲम्पचा दोष टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. स्पीकरचा दोष मोठ्या आवाजात, खर्जात, सहज एखाद-दोन टक्क्यांवर जातो. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर साडेआठ मीटर लांब असते. ती हलवायला मोठा शंकू, ताकदवान चुंबक आणि थरथरणार नाही अशी जड, आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेली पेटी लागते. याला लाकूड, धातू, कारागिरी आणि वजन लागतं, आणि त्याचे पैसे पडतात. दहा हजारांच्या जोडीवरून पन्नास हजारांच्या जोडीवर गेल्यावर होणारा फरक कुणालाही पडद्याआडूनही ऐकू येतो. लाख-दीड लाखापर्यंत बऱ्याच खोल्यांत तो ऐकू येत राहतो. त्यापुढे जास्त खर्ज आणि जास्त मोठा आवाज मिळतो. स्वराचा खरेपणा त्याच प्रमाणात वाढेल याची खात्री नसते.

स्वराचा खरेपणा म्हणजे काय, याचंही उत्तर टूल यांच्याच कामातून मिळालं. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत ऐंशीच्या दशकात त्यांनी स्पीकरांची प्रतिध्वनीरहित खोलीत सगळ्या बाजूंनी मोजणी केली आणि तेच स्पीकर पडद्याआडून श्रोत्यांना ऐकवले. लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात ही समजूत तिथे टिकली नाही. बहुतेकांना तेच स्पीकर आवडले ज्यांचा समोरचा आवाज सर्व स्वरांत सपाट होता आणि बाजूला जाणारा आवाज त्याच्याच वळणाने हळूहळू उतरत होता. पुढे ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचं भाकीत करणारं सूत्र बसवलं आणि ते चांगलं जुळलं. म्हणजे चांगला स्पीकर कागदावर ओळखता येतो. हे मोजमाप छापण्याची सक्ती असती तर दुकानातली अर्धी गोंधळाची भाषा गळून पडली असती. हेडफोनच्या बाबतीत येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं आणि किमती शेजारी ठेवून पाहिल्या. कुठला स्वर किती ठळक येतो याचा आणि किमतीचा काहीही संबंध सापडला नाही.

मला स्वतःला स्पीकरची परीक्षा तानपुऱ्यावर घ्यायला आवडतं, आणि त्याला कारण आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार ज्या ठिकाणी छेडली जाते त्यानुसार काही उपस्वर उमटायलाच नकोत, असा भौतिकशास्त्राचा नियम. तानपुऱ्यात ते उमटतात, कारण घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो, आणि तार त्याला हलकेच घासत कंप पावते. जवारी लावली म्हणतात ती हीच. पुरुषी आवाजाच्या तानपुऱ्याचा खर्ज सत्तर हर्ट्झच्या आसपास असतो, पण वाद्याचा जीव त्याच्या वर, हजारो हर्ट्झपर्यंत पसरलेल्या उपस्वरांत असतो. दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात बहुतेक स्पीकर मोठ्या शंकूकडून छोट्या ट्वीटरकडे काम सोपवतात. ही अदलाबदल ओबडधोबड झाली की झंकार मध्येच तुटतो, आणि तार पत्र्यावर ओढल्यासारखी करकरते. ती सुबक झाली की षड्जातून गंधार आपोआप उमलताना ऐकू येतो. चांगल्या रचनेच्या मध्यम किमतीच्या छोट्या स्पीकरांवर मी तो स्वच्छ ऐकला आहे, आणि काही फार महाग, फार उंच स्पीकरांवर तो विस्कटलेला ऐकला आहे.

आणि मग खोली. या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते हिच्याबद्दल, आणि आपल्या शहरांत तिचा जाच सगळ्यात मोठा. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली नेहमीची खोली दहा बाय बारा. खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर, एका बाजूला सरकत्या काचा. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ चा. खोली दहा बाय दहा असली तर दोन्ही दिशांना ५६, आणि छताची उंचीही तिच्या जवळ जाणारी. तिन्ही घुमारे एकमेकांवर चढतात. अशा जागी खर्जातला एखादा स्वर दहा-दहा डेसिबलने फुगतो आणि शेजारचा गायब होतो. डग्ग्याची घुमक एका थापेला भिंत हादरवते, दुसऱ्या थापेला ऐकूच येत नाही. याला कुठलाही ॲम्प आणि कुठलीही वायर इलाज नाही. खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागे झिणझिणणारी शेपटी ऐकू आली तर वरचे स्वर समोरासमोरच्या कडक भिंतींत टप्पे खात आहेत.

उपाय बरेचसे फुकट आहेत. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून शक्य तितके पुढे आणा. बसायची जागा भिंतीला टेकून ठेवू नका. जमिनीवर जाड सतरंजी, काचांवर वजनदार पडदा, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. वरचे स्वर यातून लगेच निवळतात. खर्ज हट्टी असतो, त्याला सतरंजी-पडदे पुरत नाहीत. त्याच्यासाठी हल्ली काही हजारांत मोजणीचा मायक्रोफोन मिळतो, आणि फुगलेले स्वर मोजून खाली ओढणारी सोय बऱ्याच मध्यम किमतीच्या ॲम्पमध्ये असते. लाख रुपये हातात असतील तर मी साठ-पासष्ट हजार स्पीकरला देईन, पंधरा-वीस ॲम्पला, आणि उरलेले खोलीला.

साखळीचं पहिलं टोक, म्हणजे रेकॉर्डिंग, याच्यावर तर ऐकणाऱ्याचा ताबाच नसतो. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्यांचं जे गाणं आज ऐकायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं जेमतेम तीन मिनिटांच्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांवरचं. अशा तबकडीवरून आवाज उतरवताना तिच्या रुंद खाचेला बसेल अशी जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई तळाशी घासत खरखरच उचलते. वेग नेमका धरावा लागतो, नाहीतर बाईंचा षड्ज वर-खाली सरकतो. खरखर काढण्याचा उत्साह जास्त झाला तर तिच्याबरोबर जवारीही पुसली जाते. एकाच गाण्याचे असे वाईट आणि चांगले उतारे मी ऐकले आहेत, आणि त्यांतलं अंतर दहा हजारांच्या आणि दहा लाखांच्या सिस्टिममधल्या अंतराहून कितीतरी मोठं आहे.

जादा पैसे जातात कुठे? थोड्या नगांचं उत्पादन, हाताने केलेलं पॉलिश, वीस वर्षं दुरुस्तीची हमी, विक्रेत्याचा वाटा, आयात कर. यांतल्या काही गोष्टींचा मला आदर आहे. उत्तम सुतारकामाला आणि टिकाऊपणाला पैसे द्यावेत. ते आवाजाचे म्हणून मागितले जातात तेव्हा फसवणूक होते. २०१० साली लेक्सिकन या प्रतिष्ठित कंपनीचा साडेतीन हजार डॉलरचा ब्ल्यू-रे प्लेअर उघडून पाहिला गेला. आत ओप्पोचा पाचशे डॉलरचा प्लेअर होता, त्याच्या मूळ सांगाड्यासकट नव्या खोक्यात बसवलेला. आणि ज्या तरुणांना गाण्याची ओढ आहे, त्यांना ‘खरं’ ऐकायला दहा लाख लागतात असं सांगून परतवलं जातं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तीस-चाळीस हजारांत, जरा समजून घेतलं तर, १९७० सालच्या धनिकालाही मिळत नव्हता असा स्वच्छ आवाज आज घरी येऊ शकतो.

दुकानात जाताना आपल्या ओळखीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग सोबत न्यावं. शक्यतो ज्यांना माइकशिवाय, बैठकीत, समोर बसून ऐकलं आहे अशा कुणाचं. मोठ्या महोत्सवात ऐकलेला आवाज इथे कसोटीला फारसा कामाचा नाही, कारण तोही स्पीकरमधूनच आलेला असतो. मोबाइलवरच्या साध्या ॲपने दोन्ही सिस्टिमची पातळी जुळवून घ्यावी, आणि कुठली चालू आहे हे सोबतच्या माणसाने न सांगता बदलावं. तरीही अंतिम निकाल दुकानातल्या खोलीत लागत नाही. आठवडाभर घरी लावून बघायची मुभा देणारा दुकानदार मिळाला, तर दोन-चार हजार जास्त देऊनही त्याच्याकडूनच घ्यावं.